भाडं मोकळं, खर्च बांधलेला

सांगलीच्या मार्केट यार्डातून वाशीला हळद न्यायची तर टनाला भाडं किती, हे कुठल्याच सरकारी कागदावर सापडत नाही. हुंडेकरी, म्हणजे माल आणि गाडी जुळवून देणारा दलाल, सकाळी चार फोन करतो, बाहेर किती गाड्या रिकाम्या उभ्या आहेत ते बघतो आणि आकडा बोलतो. दुपारपर्यंत तो शंभरानं इकडे नाहीतर तिकडे सरकलेला असतो. त्याच गाडीचा थर्ड पार्टी विमा मात्र सरकारी दरानं भरायचा. टोल सरकारी दरानं. किती टन भरायचं ते आरसीवर छापलेलं. डिझेलवरचा कर दिल्ली आणि मुंबई मिळून लावणार. थोडक्यात, गाडीमालकाच्या खिशात काय येणार ते बाजार ठरवतो आणि खिशातून काय जाणार ते बहुतांशी सरकार. ट्रकचा धंदा 'मुक्त' झाला असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे, आणि कुठला अर्धा ते नीट समजल्याशिवाय भाड्याचा हिशेब जुळत नाही.

परमिट हीच मालमत्ता होती तेव्हा

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याचं मूळ रेल्वेच्या काळजीत आहे. मोटारी रेल्वेचा माल पळवतात म्हणून १९३२-३३ मध्ये मिचेल-कर्कनेस समितीनं पाहणी केली आणि पुढे कायद्यात परमिटची चौकट आली. मिरज जंक्शनवर एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. त्या रुळांना धंदा पुरावा, म्हणून समोरच्या रस्त्यावरच्या ट्रकला लगाम.

लगाम तीन जागी होता. पहिली जागा म्हणजे किती गाड्यांना परवाना द्यायचा. मालवाहतुकीचं परमिट 'पब्लिक कॅरियर' किंवा 'प्रायव्हेट कॅरियर' असं मिळे. प्रायव्हेटवाल्यानं फक्त स्वतःचा माल न्यायचा. साखर कारखान्याची स्वतःची गाडी परतताना दुसऱ्याचं खत भरून आली तर तो गुन्हा. दुसरी जागा म्हणजे कुठपर्यंत जायचं. परमिट प्रादेशिक असे, दुसऱ्या विभागात किंवा राज्यात जायला तिथल्या प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागे. मिरजेहून कागवाड हाकेच्या अंतरावर, पण मध्ये राज्याची हद्द. तिसरी जागा भाड्याची. किमान आणि कमाल भाडं ठरवायचा अधिकार राज्याला कायद्यानंच दिलेला होता.

परमिट मोजकी असली की परमिटलाच किंमत चढते. गाडी एकाची, परमिट दुसऱ्याचं, असा व्यवहार त्यातूनच जन्माला आला. १९७५ मध्ये नॅशनल परमिट आलं, तेही आधी राज्यागणिक कोट्यानं.

१ जुलै १९८९ ला १९८८ चा नवा कायदा लागू झाला आणि यातल्या पहिल्या लगामाची गाठ सुटली. कलम ८० मध्ये एक साधं वाक्य आहे: परमिटचा अर्ज सहसा नाकारायचा नाही. ट्रकच्या धंद्यातला सगळ्यात मोठा बदल त्या वाक्यात आहे. १९९१ च्या उदारीकरणाचा गाजावाजा झाला, पण ट्रकसाठी दार दोन वर्षं आधीच उघडलं होतं. आता गुंठाभर जागा, बँकेचं कर्ज आणि लायसन्सवाला ड्रायव्हर एवढ्यावर कुणीही गाडीमालक होऊ शकतो. तासगाव, जत, माण, खटाव या पट्ट्यात पावसावर भरवसा नसलेल्या घरांना हा मार्ग का जवळचा वाटतो, ते सांगायला नको.

भाड्याचा अधिकार मात्र कायद्यातून गेलेला नाही. कलम ६७ खाली राज्य सरकार आजही मालवाहतुकीचं किमान-कमाल भाडं ठरवू शकतं. वापर होत नाही, इतकंच. एसटीचं आणि रिक्षाचं भाडं ठरतं, ट्रकचं ठरत नाही.

दुसरा लगाम, म्हणजे हद्दीचा, सुटायला २०१० उजाडलं. त्याआधी नॅशनल परमिटवर जितकी राज्यं घ्याल तितक्या राज्यांची वेगळी फी भरायची. मे २०१० पासून सगळ्या देशासाठी एकच एकत्रित फी आली, सुरुवातीला वर्षाला १५,००० रुपये, पुढे १६,५००. गृहराज्याचं ऑथरायझेशन १,००० रुपये. यात वयाची अट विसरू नका: साध्या गाडीला १२ वर्षं, मल्टी-ॲक्सलला (दोनाहून जास्त ॲक्सलच्या गाडीला) १५. जुनी गाडी स्वस्तात घेणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. अकरा वर्षांची सहा टायर गाडी घेतली तर वर्षभरात तिची धाव महाराष्ट्रापुरती उरते आणि सीमाभागातल्या माणसाला तर ती अर्धीच कामाची.

लहान गाड्यांची गोष्ट निराळी. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला कलम ६६ खाली परमिटच लागत नाही. काही पिकअपच्या आरसीवर ३,००० च्या जरा खाली थांबलेला आकडा दिसतो, त्याचं कारण हे. शिवाय ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. पलूसची द्राक्षं किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पुण्याला नेणारी सगळी पिकअप फौज या दोन सवलतींवर उभी आहे.

एका फेरीचा हिशेब

आता आकडे मांडू. खालचे खर्च हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही घाला, पद्धत महत्त्वाची. दहा टायर गाडी, एकूण पासिंग (गाडी आणि माल मिळून परवानगीचं वजन) २८ टन, रिकामी गाडी हौद्यासकट साधारण १० टन, म्हणजे माल १८ टन. सांगली ते वाशी ३६५ किलोमीटर धरा.

भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते, रिकामी ५. जाताना ९१ लिटर, येताना ७३, एकूण १६४ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर १४,७६० रुपये. टोल जाऊन-येऊन ५,०००. टायर आणि सर्व्हिसिंग किलोमीटरला चार रुपयांच्या आसपास, म्हणून ३,०००. भत्ता आणि किरकोळ २,०००. फिरता खर्च झाला २४,७६०.

बांधील खर्च महिन्याचा असतो. बँकेचा हप्ता ५५,०००, विमा ९,०००, ड्रायव्हर-क्लीनर ३०,०००, कर-परमिट-फिटनेस ४,०००; एकूण ९८,०००. महिन्याला आठ फेऱ्या झाल्या तर फेरीमागे १२,२५०. दोन्ही मिळून ३७,०१०. अठरा टनांनी भागलं तर टनाला २,०५६ रुपये. परतीचं भाडं अजिबात मिळालं नाही तर एवढं मिळालंच पाहिजे.

बाजारात मिळतात १,५००. का? कारण यार्डाबाहेर उभा असलेला प्रत्येकजण मनात परतीचं भाडं धरून बोलतो. वाशीहून दहा हजारांचं भाडं मिळेल अशी आशा धरली की ३७,००० चे २७,००० होतात आणि १८ टनांवर टनाला १,५०० पुरतात. ज्याला परतीचं मिळतं त्याचं भागतं. ज्याला मिळत नाही तो दहा हजार खालीच. दार सगळ्यांना उघडं असलेल्या धंद्यात भाडं नेहमी सगळ्यात आशावादी माणूस ठरवतो, आणि नवीन कर्ज काढलेल्या माणसाइतका आशावादी दुसरा कोणी नसतो. हप्त्याची तारीख जवळ आली की तो डिझेल-टोल सुटेल एवढ्यावरही गाडी भरतो, कारण उभ्या गाडीचाही हप्ता चुकत नाही.

या हिशेबात आणखी एक आकडा लपलेला आहे. ९८,००० ला ३० नं भागा: दिवसाला ३,२६७ रुपये. गाडी नुसती उभी राहण्याचा हा खर्च. वाशीत उतराईला दोन दिवस लागले, कुपवाड एमआयडीसीत भराईला एक दिवस गेला, की फेऱ्या आठाच्या सहा होतात आणि टनामागचा खर्च सव्वादोनशेनं वाढतो. डिझेल रुपयाभर वाढलं की सगळे बोलतात. खोळंब्याबद्दल भाडं ठरवतानाच बोललं पाहिजे. पहिले २४ तास मोफत आणि त्यापुढे दिवसाला अमुक हॉल्टिंग, हे बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीवर, लिहून घ्यायचं. तोंडी हॉल्टिंग कुणी देत नाही.

ओव्हरलोड हा दुर्गुण नव्हे, गणित

१,५०० च्या भाड्यात १८ टनांचे २७,००० होतात आणि १०,००० कमी पडतात. हौद्यात जागा आहे. सहा टन जादा टाकले की २४ टनांचे ३६,०००. रिकामी परत आली तरी खर्चाच्या जवळ पोचली. हे ज्याला दिसतं त्याला ओव्हरलोडवरचं भाषण ऐकायची गरज नसते.

जुन्या दंडात हे गणित बिनधोक सुटायचं. २०१९ पूर्वी कलम १९४ खाली दंड होता किमान २,००० आणि जादा टनामागे १,०००. सहा टनांना ८,०००. जादा मिळकत ९,००० ची. वाढलेलं डिझेल आणि टायरची झीज वजा केली तर निव्वळ ७,००० धरा. म्हणजे आठ फेऱ्यांतल्या सात फेऱ्यांत पकडला गेला तरी मालकाचा तोटा नाही. दंड कसला, तो एक प्रकारचा परवानाशुल्कच होता. काही राज्यांनी तर पैसे भरून ओव्हरलोड चालवायची कार्डंच काढली होती. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००५ मध्ये ती बंद करायला लावली.

१ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९४ मध्ये २०,००० अधिक जादा टनामागे २,००० झाले. सहा टनांना ३२,०००. वर जादा माल उतरवायचा खर्च, आणि उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. वजनकाट्यावर गाडी न थांबवता पळवली तर ४०,०००. आता सात हजारांच्या फायद्याला बत्तीस हजारांची जोखीम: साडेचार फेऱ्यांत एकदा पकडलं तर हिशेब बरोबरीत. यापेक्षा कमी वेळा पकडलं तर ओव्हरलोड अजूनही परवडतो. म्हणजे दंडाची रक्कम वाढवून भागत नाही. काट्यावर गाडी किती वेळा चढते, यावर सगळं आहे. शिवाय कलमाची भाषा 'चालवतो किंवा चालवायला लावतो' अशी आहे. जादा माल भरायला लावणारा व्यापारी त्यात बसतो. प्रत्यक्षात पावती फाटते ती ड्रायव्हरच्या नावानं.

रस्त्याचं काय होतं तेही बघू. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचणीतून एक ढोबळ नियम निघाला: ॲक्सलवरचं वजन वाढतं त्याच्या चौथ्या घातानं रस्त्याची झीज वाढते. आपल्या दहा टायरच्या मागच्या जोड-ॲक्सलला परवानगी २१ टनांची. सहा टन जादा भरले की त्यावर साधारण साडेसव्वीस टन येतात. वजन सव्वापट, झीज अडीचपट. स्प्रिंगचे पाटे तुटतात, ब्रेक ड्रम तापतो, खंबाटकीच्या उतारावर जड गाडी गिअरमध्ये धरून न ठेवता न्यूट्रलला सोडली तर पुढे काय होतं ते पेपरात येतं.

१६ जुलै २०१८ ला केंद्रानं ॲक्सलची मर्यादाच वाढवली. पुढचा ॲक्सल ७ टन, चार टायरचा एकेरी मागचा ॲक्सल १०.२ वरून ११.५, जोड-ॲक्सल १९ वरून २१. सहा टायर गाडी १६.२ वरून १८.५ टनांवर गेली, दहा टायर २५ वरून २८ च्या घरात. माल भरायची ताकद १५ वरून १८ टन, म्हणजे वीस टक्के वाढ. मालकांना हे चांगलंच वाटायला हवं होतं. पण एका फटक्यात सगळ्या गाड्यांत वीस टक्के जागा वाढली आणि माल तेवढाच राहिला, तर भाडं कुठे जाणार? गाडीमालकांचा देशव्यापी संप चारच दिवसांनी, २० जुलैला सुरू झाला. मागण्या डिझेल, टोल आणि थर्ड पार्टी विम्याच्या होत्या. पुन्हा तेच: भाडं कुणाकडे मागणार? मग खर्च ठरवणाऱ्याशी भांडायचं.

आणि त्या खर्चातला विमा हा तर जुन्या जमान्याचा पक्का अवशेष. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर जानेवारी २००७ पासून मोकळे झाले, कंपन्या सूट देतात, घासाघीस चालते. थर्ड पार्टीचा दर सरकारी राहिला. जून २०२२ च्या पत्रकात १२ ते २० टन गाडीला ३५,३१३ रुपये, २० ते ४० टनांना ४३,९५०. म्हणून विमा एजंट 'मी कमी करून देतो' म्हणाला तर तो फक्त पहिल्या भागात कमी करतोय. थर्ड पार्टीत कमी होत असेल तर पॉलिसी खोटी असण्याची शक्यता तपासा.

भाडं खरं कोण ठरवतं

सरकार नाही म्हणजे निव्वळ बाजार, असंही नाही. मालधक्क्यावर, कारखान्याच्या गेटवर, बऱ्याच ठिकाणी पाळी असते. गाडी नंबरला लावायची, नंबर आला की भरायची, भाडं संघटनेनं ठरवलेलं, बाहेरची गाडी आत घ्यायची नाही. लहान मालकाला याचा आधार वाटतो आणि ते खोटं नाही. पण महिन्याला आठ फेऱ्यांची गाडी पाळीत चार फेऱ्या करते, मग टिकायला भाडं चढं लागतं, मग कारखाना दुसरा मार्ग शोधतो. हिमाचलमध्ये दोन सिमेंट कारखाने याच वादात डिसेंबर २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत बंद होते. शेवटी टन-किलोमीटरला एकेरी ॲक्सलला १० रुपये ३० पैसे आणि मल्टी-ॲक्सलला ९ रुपये ३० पैसे ठरले. पंजाबनं २०१७ मध्ये ट्रक युनियनची ही पद्धतच मोडीत काढली. कायद्याच्या अंगानं बघितलं तर संघटनेनं भाडेपत्रक काढून सभासदांना त्यात बांधणं स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ च्या कचाट्यात येतं. खर्चाचा तक्ता छापा, सभासदांना हिशेब शिकवा; 'याखाली कुणी भरायचं नाही' असं लेटरहेडवर लिहू नका.

आपल्याकडे भाड्यावर खरा परिणाम करणारं आणखी एक नियंत्रण आहे, ते ट्रकचं नाहीच. साखरेचं आहे. जून २०१८ पासून केंद्र सरकार दर महिन्याला कारखान्यागणिक साखर विक्रीचा कोटा ठरवतं. कोटा महिन्यातच संपवायचा, म्हणून महिनाअखेरीला उचल वाढते आणि कराड-इस्लामपूर पट्ट्यात गाडीचा भाव चढतो. गाडीमालकानं तारीख बघून भाडं बोलावं. ऊस वाहतुकीचं भाडं तर बाजारात येतच नाही. कारखाना दर ठरवतो आणि तोडणी-वाहतूक एफआरपीतून (उसाच्या सरकारी दरातून) वजा होते. शेतकऱ्याच्या बिलातून कापलेला तो पैसा नेमका किती गाडीला पोचतो आणि किती मुकादमाच्या उचलीत (आगाऊ रकमेत) अडकतो, हा स्वतंत्र विषय आहे.

परदेशातलं एक उदाहरण इथे कामाचं आहे. अमेरिकेत १९३५ च्या कायद्यानं ट्रक आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या हाताखाली गेले: कुठल्या रस्त्यानं, कुठला माल, काय भाव, सगळं ठरलेलं. प्रक्रिया न केलेला शेतमाल तेवढा सुटा. मग कापून साफ केलेली कोंबडी शेतमाल की तयार माल, यावर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं (शेतमाल, असा निकाल लागला). हसू नका; जीएसटीत शेतमालाच्या वाहतुकीला सूट आहे आणि आपलं हळकुंड शेतमाल आहे का, हा वाद ॲडव्हान्स रूलिंगपर्यंत पोचलेला आहे. १ जुलै १९८० ला अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि तिथलं दार उघडलं. जुन्या कंपन्यांनी विकत घेतलेल्या परवान्यांची किंमत शून्य झाली. १९९५ अखेर आयोगच बंद झाला. भाव सुटले, पण ड्रायव्हरच्या तासांचा हिशेब सुटला नाही: दहा तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास ड्रायव्हिंग, आणि त्याची नोंद गाडीतल्या यंत्रात. आपल्याकडेही मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा १९६१, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत जाईपर्यंत, दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास सांगत होता. सांगली-वाशी एका दमात मारून उतराईला उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरला ते ४८ तास विचारून बघा. आपण किमतीचं नियंत्रण काढलं आणि सुरक्षेचं कधी नीट बसवलंच नाही, म्हणून स्पर्धा झोपेवर आणि पाट्यांवर उतरते.

भाडं बोलताना लिहून घ्यायच्या गोष्टी

डिझेलचा दर ऑक्टोबर २०१४ मध्ये मोकळा झाला आणि जून २०१७ पासून रोज बदलू शकतो. कायम गिऱ्हाइकाशी वर्षाचं भाडं ठरवलं असेल तर डिझेलची अट हवीच. वरच्या हिशेबात ३७,०१० पैकी १४,७६० डिझेल, म्हणजे ४० टक्के. तेव्हा डिझेल ५ टक्के हललं की भाडं २ टक्के हलावं. ९० चं ९४.५० झालं तर २,०५० चं २,०९१. करारात तीन गोष्टी लिहा: आधार दर आणि त्याची तारीख, कुठल्या गावचा पंप, आणि महिन्याच्या कुठल्या तारखेला फेरविचार. आधार दर न लिहिता नुसतं 'डिझेलप्रमाणे' लिहिलं की दर उतरताना गिऱ्हाइकाला आठवण राहते, चढताना नाही.

जीएसटीत बिल्टी फाडणारा ट्रान्सपोर्टवाला जीटीए (माल वाहतूक एजन्सी) ठरतो. ५ टक्क्यांच्या पर्यायात कर बहुधा माल पाठवणारी किंवा घेणारी नोंदणीकृत पार्टीच रिव्हर्स चार्जनं भरते. ज्याची गाडी ट्रान्सपोर्टला भाड्यानं लागते त्या मालकाच्या भाड्यावर कर नाही. डिझेल जीएसटीबाहेर असल्यामुळे सगळ्यात मोठ्या खर्चाचं क्रेडिट कुणालाच मिळत नाही, ही या धंद्याची कायमची बोच आहे.

ई-वे बिल परराज्यात ५० हजारांवर, महाराष्ट्रात एक लाखावर. २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे वाशीला दोन दिवस. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये गाडीचा नवा नंबर टाकल्याशिवाय ती गाडी हलवू नका. मुदत संपायच्या आधी किंवा नंतर आठ तासांत वाढवता येते. ते चुकलं तर कलम १२९ खाली कराच्या दुप्पट दंड, आणि तो सुटेपर्यंत गाडी उभी. दिवसाचे ३,२६७ चालूच.

हमालीचं भांडण जुनं आहे. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा वर्षानुवर्षं चालत आलीय आणि तरी वाराईचे, म्हणजे हमालांना द्यायचे, पैसे ड्रायव्हरच्या हातातूनच जातात. भराई, उतराई, तोलाई, वाराई हे चार शब्द बिल्टीवर वेगळे लिहा आणि प्रत्येकासमोर 'पार्टी' किंवा 'गाडी' लिहा.

शेवटचा मुद्दा बिल्टीच्या मागच्या बारीक अक्षरांचा. १८६५ चा कॅरियर कायदा जाऊन १ मार्च २०११ पासून रस्ता वाहतूक कायदा २००७ लागू झाला. त्यात माल हरवला किंवा बिघडला तर ट्रान्सपोर्टची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती, जास्त जोखमीचा दर आधी ठरवून दिला नसेल तर. आता तासगावचा बेदाणा धरा. १८ टन, किलोला २०० रुपये, माल ३६ लाखांचा. भाडं २७,०००. दहापट म्हणजे २ लाख ७० हजार. उरलेले ३३ लाख ३० हजार कुणाचे? बहुतेक व्यापाऱ्यांना हा आकडा पहिल्यांदा कळतो तो दावा लावताना. म्हणून ट्रान्झिट विमा व्यापाऱ्यानं स्वतःच काढावा, आणि मालाची खरी किंमत बिल्टीवर लिहावी. कर चुकवायला कमी लिहिली तर भरपाईही तेवढ्यावरच अडते.

लेखी नोटीस १८० दिवसांत द्यावी लागते, आणि ते दिवस बुकिंगच्या तारखेपासून मोजतात. पावसाळ्यात ताडपत्रीची एक कड फाळक्यावर (हौद्याच्या उघडत्या फळीवर) सुटी राहिली तर खालच्या थरातली पोती भिजतात. वरून गाडी कोरडी दिसते. उतराईला फाळका उघडल्यावर खालच्या थराला हात लावून बघा, भिजलेली पोती मोजा, फोटो काढा आणि पोच पावतीवर सही करण्याआधी आकडा लिहा: 'इतकी पोती ओली, वजन तपासून'. नुसतं 'माल खराब' लिहिलेला शेरा दाव्यात फारसा कामाला येत नाही.